दुमडलेलं टोक

१ एप्रिल २००६, शनिवार. जेद्दा.

बँकेची ही डायरी विनोदने जानेवारीत दिली. आमच्या ऑफिसातला कारकून, कोल्हापूरचा. म्हणाला, "तारीकाका, दिवसभर जे आम्हाला ऐकवता ते यात लिहा, आमच्या कानांना सुट्टी." तीन महिने पानं कोरीच राहिली. आज मात्र लिहिण्याजोगा दिवस आहे.

आज रंग बदलला. दर तीन महिन्यांनी बदलतो. क्रेनने भार उचलायचे कंपनीचे सगळे पट्टे आमच्या यार्डात परत येतात, मी प्रत्येक पट्टा हाताखालून घालतो आणि पास झाला की त्यावर नव्या रंगाची टेप गुंडाळतो. जानेवारीत लाल होती, आता हिरवी. ज्या पट्ट्यावर चालू रंग नाही त्याने काडीसुद्धा उचलायची नाही. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग कळतो.

दोनशे बारा पट्टे झाले. टेप दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. मी डावखुरा, त्यामुळे माझा वेढा जगाच्या उलट जातो, आणि शेवटचं टोक मी आत दुमडून दाबतो. म्हणजे त्यात वाळू शिरत नाही आणि टेप सुटत नाही. शाळेत मास्तरांनी ज्या हातावर छड्या मारल्या तो हात बावीस वर्षं सौदीत पोट भरतो आहे. आमचे बाबा गलबतावर तांडेल होते. तारींची गाठ सुटत नाही, असं विजयदुर्गात लहान पोरही सांगेल.

मक्केच्या हॉटेलच्या साईटवरून तीन पट्टे आले नाहीत. पुढच्या ट्रकने येतील. उलट त्यांनीच हिरव्या टेपची दोन रिंगं मागून नेली, पाइपांना खुणा करायला म्हणे. दिली. मुसलमान नसलेल्याला मक्केची वेस बंद, त्यामुळे ती साईट मी कधी पाहिलेली नाही. माझे पट्टे मात्र बावीस वर्षं मक्केला जाऊन येतात. पुण्यवान पट्टे.

२० एप्रिल

वाईट झालं. काल मक्केच्या साईटवर सळ्यांचा भारा वरून पडला आणि खाली उभा असलेला फहद नावाचा सौदी सुपरवायझर जागीच गेला. चोवीस वर्षांचा. क्रेनचालक सुदानी आहे, इद्रिस नावाचा. त्याला पोलिसांनी नेलं. आठ दिवसांपूर्वी फहदशी त्याची जोरदार बाचाबाची झाली होती. सगळ्यांदेखत फहद त्याला गुलाम म्हणाला आणि हा म्हणाला, एक दिवस बघून घेईन.

ही काळी माणसं तापट. रागाच्या भरात भार सोडला असेल. दुसरं काय? पट्टा तर माझा होता, हिरव्या टेपचा.

२७ एप्रिल

आज छाती दोन इंच वाढली आहे, ते लिहून ठेवतो.

भार चुकून पडला की मुद्दाम पाडला, याचा अहवाल पोलिसांनी कंपनीकडून मागितला आहे. त्यासाठी समिती नेमली. रणजितसाहेब आमच्या ऑफिसचे मोठे साहेब, पुण्याचे. विनोदने टाइप केलेली यादी त्यांच्यापुढे होती. तीत क्रेनला हाताने इशारे करणारा उस्मान होता आणि पट्टे बांधणारे दोन बंगाली होते. तिघेही त्या दिवशी तिथेच हजर होते. साहेबांनी लाल पेनाने तिन्ही नावं कापली. म्हणाले, "तो उस्मान त्याच्याच जातीचा, आपल्या माणसाचीच बाजू घेणार. आणि हे बंगाली कुणीही दमात घेतलं की फिरतील. समितीत विश्वासाची माणसं हवीत, तारीकाका. आपली." आणि उस्मानच्या नावावर माझं नाव लिहिलं!

पाच जणांत आता साईटवरचा एकही नाही. म्हणजे कुणाचा पक्ष घ्यायचा प्रश्नच उरला नाही. साहेबांचं डोकं चालतं.

बायकोला, रेखाला, गावी फोन केला. म्हटलं, "मला पंच नेमलंय." ती म्हणाली, "बरा झाला. पन नीट बगून सांगा हां, मानसाच्या जिवाची गजाल असा." बायकांना कौतुक करताच येत नाही.

३० एप्रिल

लग्नातला कोट काढला होता. पोटावर बटण लागेना, तसाच उघडा घातला. गडबडीत चष्मा खोलीवर राहिला.

एसीत बसवलं, चहा दिला. पट्ट्याचा फोटो दाखवला. पट्टा अख्खा, त्यावर हिरवी टेप. आता हिरवा रंग बघायला काय चष्मा लागतो? साहेबांनी विचारलं, "तारीकाका, तुमचा पट्टा तुटू शकतो?" मी म्हटलं, "माझी टेप असलेला पट्टा बावीस वर्षांत तुटलेला नाही, साहेब. तुटणारही नाही." मग पट्टा तुटला नाही, क्रेनमध्ये बिघाड नाही, तर भार कसा पडला? साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. अहवाल अरबीत होता. विनोदने सारांश सांगितला आणि मी सही केली. सही झोकदार आली.

विनोद दिवसभर गप्प होता. पित्त झालं असेल.

१ जुलै

निळी टेप. दोनशे सहा पट्टे. पाठ धरली आहे.

१४ नोव्हेंबर

तिकडच्या कोर्टाने इद्रिसला मृत्युदंड दिला. जेवताना बातमी आली. कुणीतरी म्हणालं, "खलास." मी भात तसाच ठेवून उठलो.

विनोदला म्हटलं, मी फक्त पट्ट्याचं सांगितलं होतं. तो म्हणाला, "काका, भांडणाचे साक्षीदार दोन आहेत, पण भांडण म्हणजे खून नव्हे. निकालात सगळा भार आपल्या अहवालावर आहे. पट्टा धड होता, म्हणून त्याने मुद्दाम पाडला." मग हळूच म्हणाला, "वरच्या कोर्टाचा शिक्का अजून बसायचाय."

जे खरं होतं ते मी सांगितलं. त्यात माझा काय दोष? असं लिहिलं, पण लिहून बरं वाटत नाही.

१८ जानेवारी २००७

नवी डायरी नको, हिचीच पानं उरली आहेत. छापील तारीख खोडून लिहितो.

हजची गर्दी उतरली म्हणून आज दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेलो. तिथली सिस्टर अनिता सांगलीची आहे, मला दर वेळी मिठावरून झापते. आज झापलं नाही. म्हणाली, "काका, आमच्याकडे हाजरा म्हणून सफाईवाली आहे. तिला तुमच्याशी बोलायचंय. माझ्यासमोरच बोलेल, दोन मिनिटं."

हाजरा ही इद्रिसची बहीण. दवाखान्यात राहून मोडकंतोडकं हिंदी शिकली आहे. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं होतं शिव्या देईल. म्हणाली, "बाबा, पट्टा टूटा था। लाल वाला था, हरा नहीं।" मला राग आला. म्हटलं, लाल पट्टे एप्रिलआधीच परत आले होते, तुझ्या भावाला वाचवायला माझ्या कामाला नावं ठेवू नकोस.

तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तुकडा काढून माझ्या हातात दिला. पट्ट्याचा हुकात अडकणारा फासा, हातभर लांब, खाली चिंध्या झालेला. उस्मानने तो सळ्यांखालून उचलला आणि नऊ महिने पत्र्याच्या पेटीत ठेवला. त्याला कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायला गेला असता तर तोही आत गेला असता.

चष्मा खिशात होता. काढायची गरज पडली नाही. टेपवरून बोट फिरवलं. वेढा उलटा, आणि टोक आत दुमडलेलं.

मी तुकडा तिला परत दिला आणि चालू लागलो. अनिता मागून हाक मारत होती. मागे वळलो नाही. याची लाज वाटते, म्हणून लिहितो.

१९ जानेवारी

ही डायरी मागे चाळली. १ एप्रिल. माझंच अक्षर. "मक्केच्या हॉटेलच्या साईटवरून तीन पट्टे आले नाहीत." आणि त्याच्याच खाली, "हिरव्या टेपची दोन रिंगं मागून नेली." नऊ महिने हे माझ्या उशाखाली होतं.

२० जानेवारी

विनोदने कपाटातून फोटो काढून दिला. चष्मा लावून खिडकीपाशी गेलो. टेप हिरवी खरी. पण वेढा सरळ, उजव्या हाताचा, आणि टोक बाहेर लोंबतंय. ही टेप माझी नाही. कुणीतरी लाल पट्टा तुटल्यावर दुसऱ्या धड पट्ट्यावर हिरवी टेप फिरवली आणि तो पुढे केला.

त्या टोकाचा मला इतका गर्व होता, आणि ज्या दिवशी बघायचं त्याच दिवशी बघितलं नाही. कोट घातला होता ना.

विनोद म्हणाला, "मला त्याच दिवशी काहीतरी खटकलं होतं काका. पण आपली नोकरी..." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या खात्रीने बोललात, की मला वाटलं, मीच चुकतोय."

२५ जानेवारी

पाच दिवस झाले. काही केलं नाही. रोज वेगळं कारण सापडतं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात, कफील म्हणजे जामीनदार मालक रागावला तर चोवीस तासांत विमानात बसवतील. गावच्या घराचा स्लॅब अर्धा आहे. आणि खरं कारण वेगळंच आहे. तारींचा पट्टा तुटला, हे तोंडाने म्हणायचं. जानेवारीत तो पट्टा मीच पास केला होता. मुदत संपल्यावर त्यांनी वापरला, सळ्यांची धार लागली, सगळं खरं. पण लोक एवढंच म्हणतील, गुणाजी तारीचा पट्टा तुटला आणि माणूस मेला.

तिकडे एक माणूस रोज सकाळी दार वाजलं की काय समजत असेल?

२६ जानेवारी

रेखाला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चष्मो खय होतो तुमचो?" खोलीवर, मी म्हटलं. ती म्हणाली, "सही तुमी केलात. आता सांगूक पन तुमीच जावक व्हया. नोकरी ग्येली तर येवा घराक. स्लॅब काय पळान जाता?"

बाबा सांगायचे, दोर तुटला की तांडेलाने आधी आपल्या हाताकडे बघायचं, मग खलाशांकडे. लहानपणी हे मला उगाच वाटायचं.

२७ जानेवारी

रणजितसाहेबांना तोंडावर सांगून आलो. ते आधी हसले. मग म्हणाले, "काका, निकाल लागलाय. तुम्ही हिंदू, ते कोर्ट मक्केत. तुम्हाला तिथे पायही ठेवता येणार नाही. कोण ऐकणार तुमचं?" मी म्हटलं, समितीत बसवताना हे सुचलं नव्हतं का साहेब? एरवी असं वाक्य मला जिना उतरताना सुचतं, या वेळी तिथेच सुचलं. त्याचा मला अभिमान आहे.

संध्याकाळी अनिताकडून हाजराला निरोप पाठवला. साक्ष द्यायला येतो म्हणावं.

११ मार्च

हाजराच्या वकिलाने वरच्या कोर्टात अर्ज दिला. अर्जाला माझं लेखी निवेदन जोडलं. अरबी करणाऱ्या माणसाकडून प्रत्येक ओळ हिंदीत परत वाचून घेतली, दोन तास लागले. तो वैतागला. वैतागू दे. एकदा न वाचता सही केली तेवढी पुरे.

यार्डात माझ्याशी कुणी बोलत नाही. जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारची जागा रिकामी असते. डाळ मात्र जास्त मिळते.

५ जून

वरच्या कोर्टाने शिक्का मारला नाही. फेरचौकशी. मी मक्केला जाऊ शकत नाही म्हणून माझा जबाब इथे जेद्दाच्या न्यायाधीशांपुढे घेऊन तिकडे पाठवायचा, असं ठरलं. रणजितसाहेबांनी बोलावून सांगितलं की मार्चमध्ये माझा करार संपतो, तो वाढणार नाही. मी मान डोलावली. विनोदचं नाव अर्जात कुठे नाही, त्यामुळे त्याला अजून कुणी काही म्हणालेलं नाही.

९ सप्टेंबर

आज सगळं लिहायचंच. हात दुखला तरी.

कोट घातला नाही. यार्डातले कपडे घातले, धुतलेले. चष्मा दोरीने गळ्यात बांधला.

न्यायाधीश वयस्कर, सावकाश बोलणारे. हैदराबादी दुभाष्या. एका बाजूला हाजरा, वकिलाजवळ. दुसऱ्या बाजूला फहदचे वडील, पांढरी दाढी, हातात माळ. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. सुरुवातीला कुणीतरी हरकत घेतली की हा मुसलमान नाही, याची साक्ष इथे धरता येत नाही. न्यायाधीश म्हणाले, याला साक्षीदार म्हणून बोलावलेलं नाही. कारागीर म्हणून बोलावलंय, आपल्या कामातलं तो सांगेल.

त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. पोलिसांकडचा हिरवा पट्टा आणि उस्मानचा लाल तुकडा. मग एक कोरा पट्टा आणि टेपचं रिंग माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, लाव.

डाव्या हाताने वेढे घेतले. टोक दुमडलं, दाबलं. न्यायाधीशांनी तिन्ही पट्टे उचलून एकेकावर बोट फिरवलं. हिरव्याच्या लोंबत्या टोकाला नखाने टिचकी मारली. मग लाल तुकडा वर धरून विचारलं, "हा कुणाचा?"

मी म्हटलं, "माझा. माझा पट्टा तुटला. भार पाडला नाही, पडला. अहवालावर सही केली तेव्हा मी चष्मा लावला नव्हता."

दुभाष्याने शेवटचं वाक्य दोनदा विचारून घेतलं. त्याला वाटलं, मी चुकून बोललो.

मग डायरी. १ एप्रिलचं पान वाचायला विनोदला बोलावलं होतं. आपण होऊन आला, आणि आला तो खिशात पहिली यादी घेऊन, लाल रेघांसकट. दीड वर्ष त्याने ती जपून ठेवली होती आणि मला पत्ता नाही! एप्रिलचं पान त्याने हिंदीत वाचलं. न्यायाधीश म्हणाले, अपघाताबद्दलचंही वाच. विनोद त्या पानावर आला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं तो कुठे थांबलाय.

मी म्हटलं, "वाच."

त्याने वाचलं. "ही काळी माणसं तापट. रागाच्या भरात भार सोडला असेल." दुभाष्याने अरबीत सांगितलं. हाजरा समोर बसली होती. तिने मान खाली घातली नाही, मी घातली.

न्यायाधीशांनी यादी दुभाष्याकडून वाचून घेतली. कोणती नावं कापली, का कापली, जागी कोण आलं. विनोदने साहेबांचे शब्द होते तसे सांगितले. एक शब्द गाळला नाही. तेव्हा फहदचे वडील पहिल्यांदा बोलले. दुभाष्या म्हणाला, "ये पूछ रहे हैं, मेरे बेटे के ख़ून का फ़ैसला करने के लिए जिन्होंने देखा उनको बाहर रखा, और जिसने नहीं देखा उसको अंदर बिठाया?"

न बघितलेला मी होतो, म्हणून मीच म्हटलं, "होय."

बाहेर आलो. विनोदने मला टॅक्सीत बसवलं आणि म्हणाला, "काका, आज खरे पंच झालात." मी त्याला म्हटलं, तुझं पित्त बरं झालं वाटतं. दोघेही हसलो. मग तो रडला, मी नाही. बरं, मीही.

२२ डिसेंबर

मृत्युदंड रद्द! तिकडे उस्मानची आणि दोन्ही बंगाल्यांची साक्ष झाली. खून नव्हे, अपघात, असा निकाल. मुदत संपलेले पट्टे वापरणाऱ्या आणि पट्टा बदलणाऱ्या साईट ऑफिसच्या माणसांवर चौकशी सुरू झाली. अहवाल तर कोर्टाने बाजूलाच काढला. निकालात लिहिलं आहे म्हणे, की ज्या समितीतून पाहणारी माणसं त्यांच्या वंशावरून वगळली तिचं मत हे मतच नव्हे. विनोदने हे वाक्य मला तीनदा वाचून दाखवलं.

इथे जिवाबदली जीव मागायचा हक्क मेलेल्याच्या घरच्यांचा. फहदच्या वडिलांनी निकालानंतर हाजराला निरोप दिला, निरपराधाचं रक्त माझ्या मानेवर आलं नाही, अल्लाचे उपकार. तो म्हातारा मुलगा गमावून हे म्हणू शकला. मी त्याच्यासमोर काहीच नाही.

रेखाला फोन केला. ती म्हणाली, "माका म्हायती होता." आणि मग शेजारणीला ओरडून सांगायला लागली, फोन तसाच ठेवून. पंच झालो तेव्हा हे कौतुक नव्हतं केलं. मी दहा मिनिटं तिचं ओरडणं ऐकत बसलो.

३१ मार्च २००८, सोमवार

यार्डात शेवटचा दिवस. उद्या पुन्हा रंग बदलणार, पुन्हा हिरवा. माझ्या जागी उस्मान येतो आहे. रणजितसाहेब दुसरीकडे गेले. नवा नियम निघाला आहे की चौकशीला बसताना जागेवर हजर असलेली माणसं आधी घ्यायची, देश कोणताही असो. तो कागद यार्डाच्या भिंतीवर चिकटवलाय. चारी कोपऱ्यांना टेप मीच लावली.

उस्मान दुपारी टेप लावून दाखवत होता. उजव्या हाताचा, वेढा सरळ. मी तोंड उघडलं आणि मिटलं. टोक त्याने न सांगता आत दुमडलं.

चारच्या सुमाराला हाजरा आली, आणि तिच्याबरोबर एक उंच, वाळलेला माणूस. मी त्याला आज पहिल्यांदा पाहिलं. ज्याच्या जिवावर सही केली त्याला मी कधी बघितलंच नव्हतं. इद्रिस. वीस महिने आत होता. मला वाटलं तो आभार मानेल, शुक्रन म्हणेल, आणि मग मी काय म्हणायचं ते मनात जुळवत होतो. त्याने शुक्रन म्हटलं नाही. का म्हणेल?

त्याने एक फॉर्म पुढे केला. क्रेन पुन्हा चालवायचा परवाना हवा होता, आणि त्यावर भार उचलण्याचं सामान तपासणाऱ्याची सही लागते. आज संध्याकाळपर्यंत तो माणूस मीच आहे. मी खिशाला लावलेलं पेन काढलं, तर त्याने फॉर्मवर तळवा ठेवला.

"नद्दारा अव्वल," तो म्हणाला.

आधी चष्मा. मी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. विनोदला बोलावून अरबी ओळी वाचून घेतल्या, एकेक. नाव, जन्मतारीख, किती टनांची क्रेन, किती वर्षं. इद्रिस उभाच होता. खुर्ची दिली तरी बसला नाही. घाईही केली नाही. पाऊण तास गेला.

राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ऑफिसने टाइप केलं होतं, सुदानी.

या डायरीत मी तेच लिहिलं आहे, २० एप्रिलच्या पानावर. कुणाला विचारलं नव्हतं. मी हाजराकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचा देश कोणता?" दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"इरिट्रिया," ती म्हणाली.

मी तो शब्द खोडला. विनोदला वर अरबीत बरोबर देश लिहायला लावलं, खोडल्याच्या बाजूला माझी आद्याक्षरं घातली, आणि मग खाली सही केली. डाव्या हाताने, सावकाश, झोक न देता.

इद्रिसने फॉर्म उचलून वाचला. वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत. खोडलेल्या शब्दावर त्याचं बोट थांबलं. मग त्याने फॉर्मची घडी केली आणि कडा नीट आत दुमडून खिशात ठेवली. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. एवढंच.

परवा विमान आहे. मुंबईहून रात्रीच्या बसने विजयदुर्ग. कोट इथेच कुणालातरी देणार आहे. चष्मा आणि ही डायरी हातातल्या पिशवीत.